विचारलं तेवढंच

संगणकावर काम कसं आखायचं, याचा संध्याकाळचा अभ्यासक्रम मी पंचेचाळिसाव्या वर्षी लावला. हौस म्हणून नव्हे. ऑफिसात संगणक आले होते, आणि जे हा अभ्यासक्रम पास होतील तेच पुण्यात राहणार, बाकीच्यांची बदली, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. बिबवेवाडीत नुकतंच घर घेतलेलं, मुलगी दहावीत. वर्गात वीस वर्षांची चोवीस मुलं होती. माझ्यामुळे वर्गाचं सरासरी वय बरोबर एका वर्षाने वाढलं.

सरांनी प्रकल्प दिला : ऑफिसातल्या रजेच्या अर्जांची व्यवस्था आखा. आमच्या गटात दोन मुलं, एक चुणचुणीत मुलगी आणि मी. ऑफिस पाहिलेला मी एकटाच, म्हणून तिघांनी मला युजर, म्हणजे ही व्यवस्था वापरणारा माणूस, ठरवलं. सर म्हणाले, "लक्षात ठेवा, युजर आपणहून काही सांगत नाही. त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं."

मला एवढी परवानगी पुरली. आमच्या ऑफिसचा रिवाजही तोच.

"काका, अर्ज कुणाकडे जातो?"

"साहेबांकडे."

"ते काय करतात?"

"सही."

त्यांनी अकरा गोल आणि त्यांना जोडणारे बाण काढून सुबक आकृती केली, वर शाईही फिरवली. शाई वाळल्यावर मी म्हणालो, "आणि साहेबच रजेवर असले तर?"

"काका! आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत."

गोल चौदा झाले. गटातल्या मुलीने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. ते नेमके मला म्हणाले, "साहेब रजेवर आहेत. अर्ज पुढे पाठवून दाखवा." आकृतीवरून संगणकावरचा प्रोग्रॅम गटातल्या त्या मुलीने टाइप केला होता, कोणत्या बटणाने काय होतं तेही तिनेच ठरवलं होतं. मी कीबोर्डसमोर बसलो आणि हळूच विचारलं, "अगं, बटण कोणतं?"

"वरच्या रांगेतलं, काका."

"वरच्या रांगेत बारा आहेत!"

"हो, बाराच आहेत."

बदलीचं गाव डोळ्यांपुढे आलं. परीक्षकांनी मान वर केली. "काय चाललंय?"

"काका विश्लेषण करतायत, सर," ती गंभीरपणे म्हणाली.

मी घाम पुसून पूर्ण प्रश्न विचारला, "साहेब रजेवर असताना अर्ज दुसऱ्या साहेबांकडे पाठवायला डावीकडून कितवं बटण दाबायचं?"

"सातवं."

दाबलं. अर्ज गेला. "प्रश्न आत्ता नेमका झाला," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी गुण मांडले.

निकालानंतर पेढे घेऊन वर्गात गेलो.

"काका, पास झालात?"

"झालो."

पेढा तोंडात टाकून ती थांबली. "अहो, आणि बदली?"

"आता विचारलंस," मी म्हणालो. "टळली."