घागरभर पाणी आणि दोन स्ट्रट

माझ्या काउंटरखाली तुपाचा एक रिकामा डबा असायचा. कुठल्या गाडीतून निघाला हे कुणालाच आठवत नाही, असा प्रत्येक नट त्यात पडायचा. फेकायला जीव होत नाही आणि कामाला तर कधीच येत नाही! किस्स्यांचंही तसंच आहे. लातूरला औसा रोडवर माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून हमीद मिस्त्रीचं गॅरेज. तो डबा मी आजवर तीनदा रिकामा केला, किस्से मात्र जिथल्या तिथं पडून आहेत.

परवा चहा पिता पिता एकजण म्हणाला, "शिवराजभाऊ, ते काकूंच्या घागरीचं सांगा की."

म्हटलं, सांगतो. पण ते एकटं येत नाही, त्याच्या पुढं बरंच लटांबर आहे. घाई असंल तर चहा पिऊन सुटा!

*

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. जिल्हा झाला म्हणून सगळे रस्ते उकरले, आणि उकरून तसेच ठेवले. वर पावसानं दगा दिलेला. पाईप टाकायला खड्डे खणले, पण पाईपमध्ये सोडायला पाणी कुठंय! मात्र बदल्या होऊन साहेब लोक आले आणि त्यांच्यामागं त्या नव्या छोट्या गाड्या आल्या. आमचा मिस्त्री जीप आणि जुन्या दणकट गाड्यांचा राजा. ह्या छोट्या गाडीचं बॉनेट त्यानं उघडलंसुद्धा नव्हतं.

एक दिवस पुण्याकडचे एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. म्हणाले, "इथे स्ट्रट बदलून मिळतात का?"

"मिळतात की साहेब!" मिस्त्री छातीठोक बोलला.

साहेबांनी गॅरेजभर नजर फिरवली. भिंतीला टांगलेले तीन हातोडे पाहिले, अजून एक जमिनीवर पडलेला पाहिला, आणि "बघतो" म्हणून गाडी सोलापूरकडं वळवली.

धूळ खाली बसल्यावर मिस्त्री माझ्याकडं वळला. "शिवराजभाऊ, ये स्ट्रट क्या बला है?"

*

स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकावरचा, स्प्रिंगसकट धक्के खाणारा दांडा, हे आम्हाला मन्मथअप्पांच्या गाडीनं शिकवलं. अप्पा आडत बाजारातले तुरीचे व्यापारी. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा आणि दारात पांढरी छोटी गाडी. त्यांचं गाव चाकूरच्या अलीकडं. गावातल्या विहिरीला अजून पाणी होतं. दिवसाआड सकाळी अप्पा आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, गाडी घेऊन निघायचे आणि डिकीत, पायाखाली, जागा सापडेल तिथं पाण्याचे कॅन भरून आणायचे. मागं गाडी इतकी बसायची की पुढचे दिवे झाडावरची पाखरं मोजायचे!

शिवाय काकूंच्या मांडीवर तांब्याची एक घागर. देवाला कॅनमधलं पाणी चालत नाही, त्याला प्लॅस्टिकचा वास मारतो, हे काकूंचं ठाम मत. इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी घागरीतूनच येणार. घागरीच्या तोंडावर वाटी पालथी असायची, पण आमच्या रस्त्यापुढं वाटीचं काय चालतंय! घरी पोचेपर्यंत अर्धी घागर काकूंच्या पदरात. मग काकू अंगणात उतरायच्या आणि पहिलं काम काय, तर ओला पदर बेलाच्या रोपावर पिळायच्या. त्या दुष्काळात गल्लीतलं एकच झाड हिरवंगार होतं.

मिस्त्रीनं गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येते आणि गप उभी राहते. ही आपली वर-खाली, वर-खाली!

"अप्पा," मिस्त्री म्हणाला, "गाडी नमस्कार घालून राहिली. मागचे शॉक गेले, पुढचे दोन्ही स्ट्रट पण गेले. हे बघा, तेल गळून धूळ चिकटली."

"मग आधी मागचे बदलू," अप्पा म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

*

मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडायला अप्पा स्वतः दुकानात आले. मी दोन जोड्या काउंटरवर ठेवल्या. एक त्यांच्या गाडीची. दुसरी कुणीतरी भल्यामोठ्या गाडीसाठी मागवून ठेवलेली, ती चुकून मधी आली.

अप्पांनी डब्यावर काय छापलंय ते वाचलंच नाही. आयुष्य गेलं माल पारखण्यात! त्यांनी शॉक हातात घेतला, उलटापालटा केला, वास घेतला आणि हमालाला हाक मारून चारही शॉक आडतीवर वजनाला नेले. परत आले ते भारी जोडी घेऊन.

"मालाला वजन पाहिजे, शिवराज. हलका माल पोचट."

"अप्पा, हे तुमच्या गाडीचं न्हाई हो."

"बसवा म्हणतो ना!"

मिस्त्रीला तेव्हा छोट्या गाडीचा अंदाज नव्हता आणि मला अप्पांपुढं बोलायची छाती नव्हती. वेगळे बुश घालून, ठोकून-ठाकून बसवले. तिसऱ्या दिवशी अप्पा आले ते डोक्याला हात लावून. टाळूवर हे एवढं टेंगूळ. प्रत्येक खड्ड्यात गाडी खाली जायचं नावच घेईना, आतली माणसंच वर उडायची!

मी भीतभीत विचारलं, "पाणी सांडलं का अप्पा?"

"कॅन जागच्या जागी हाईत," अप्पा शांतपणे म्हणाले. "मीच सांडलो."

बरोबरची जोडी त्याच दिवशी बसली.

*

आता मधी एक गोष्ट सांगतो, हसायची नाही. मिस्त्रीचा मेहुणा मुखेडचा. त्याचे दोन टँकर पाण्याच्या कामावर होते आणि त्याला भरवशाचा ड्रायव्हर पाहिजे होता. दर आठवड्याला यायचा आणि एकच सांगायचा, "भाईजान, गॅरेजला कुलूप लावा. जुन्या गाड्या संपून राहिल्या, नव्या तुमच्याकडं येत न्हाईत. टँकरवर बसा."

मिस्त्री ऐकून घ्यायचा. फडक्यानं हात पुसत राहायचा. तेरा वर्षांचं गॅरेज होतं त्याचं.

तेवढ्यात ते पुण्याचे साहेब पंक्चर काढायला पुन्हा आले, गाडीला स्ट्रट अजून तेच जुने. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुमचे स्ट्रट मी करून देतो. सोलापूरला कशाला जाता?"

साहेब माणूस चांगला. टाळाटाळ केली नाही, सरळ म्हणाले, "आमच्या क्वार्टर्समध्ये अशा पाच-सहा गाड्या आहेत, मिस्त्री. सगळ्या तुमच्याकडे पाठवतो. पण आधी एक तरी केलेली दाखवा."

साहेब गेल्यावर मिस्त्रीनं मला हिशेब सांगितला. "अप्पांची गाडी जमली तर गॅरेज. न्हाई जमली तर टँकर."

*

अप्पा पुढचे स्ट्रट बदलायला तयार झाले, पण ते लातुरात मिळेनात. मी यष्टीनं नांदेडला गेलो. म्हटलं मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न आहे, इथं गबाळेपणा नको. तिथल्या दुकानात ढिगातून एक स्ट्रट काढला आणि त्याच्या जोडीचा शोधायला बसलो. खालचा ब्रॅकेट, भोकं, पाईपसाठीची कडी, सगळं सुतळीनं मापलं. तासभर घालवला. दुकानदार काहीतरी सांगायला बघत होता, त्याला म्हटलं, "तुम्ही गिऱ्हाईक बघा, मला माल कळतो." शेवटी दोन हुबेहूब एकसारखे निवडले आणि पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो.

मिस्त्रीनं पोतं सोडलं. एक स्ट्रट डावीकडं धरून बघितला, बसला. दुसरा उजवीकडं धरला. परत डावीकडं धरला. मग दोन्ही जमिनीवर ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"शिवराजभाऊ, पायताण घेताना पण असंच मापून घेता का?"

दोन्ही डावे! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली यष्टी. तो नांदेडचा दुकानदार मला लांबून बघूनच हसायला लागला.

*

जुन्या स्ट्रटवरची जाड स्प्रिंग काढून नव्यावर चढवायची असते, आणि ती दाबून धरल्याशिवाय वरचा नट खोलायचा नसतो. दाबायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. मिस्त्रीनं लेथवाल्याकडून आटे पाडलेल्या दोन सळया आणि आकडे करून घेतले. खोलायच्या आधी त्यानं सगळ्यांना शेडच्या बाहेर काढलं, मलासुद्धा. अप्पा कुरकुरले, "माझी गाडी हाय!" तरी बाहेर काढलं.

आतून एक आवाज आला, धाडकन्! पत्र्याला भोक पडलं आणि पाठोपाठ पलीकडच्या शिंप्याच्या अंगणात काहीतरी आदळलं. आत धावलो तर मिस्त्री भिंतीला टेकून उभा, हातात नुसता पाना.

शिंपी दोन हातांत स्प्रिंग घेऊन दारात आला. "मिस्त्री, हे तुमचंच असंल. माझ्या मशीनला एवढी मोठी लागत न्हाई."

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. चहा मागवला, बशीत ओतला आणि मला हळूच म्हणाला, "हात जरा बाजूला होता म्हणून वाचलो. घरात तीन लेकरं हाईत भाऊ. टँकरच बरा का?"

मी माझी बशी त्याच्यापुढं सरकवली.

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर मिस्त्री माझ्याआधी हजर. दोनच्या जागी तीन सळया आणि स्प्रिंगभोवती ट्रकची जाड साखळी. आटे एक एक करून, सगळीकडून सारखे आवळले. स्प्रिंग गपगुमान आखडली. मी तेव्हा देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू.

*

नवा स्ट्रट आडवा पडून आलेला असतो. बसवायच्या आधी तो उभा धरून चार-सहा वेळा वर-खाली करावा लागतो, आतली हवा निघून जाते. मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा राहून स्ट्रट हापसत होता. खाली-वर, खाली-वर.

रस्त्यानं एक बाई रिकामी घागर घेऊन चालली होती. ती थबकली. जवळ आली.

"भाऊ, पाणी लागलं व्हय?"

मिस्त्री तोंड उघडायच्या आत तिच्यामागं दोन घागरी आणि एक बादली लाईनीत उभी होती!

*

बसवून झालं. गाडी जॅकवरून खाली घेतली, आत चार माणसं बसवली आणि तसं वजन ठेवूनच मिस्त्रीनं शेवटचे बोल्ट आवळले. दोरी लावून चाकं सरळ केली. कोपरा दाबला. गाडी एकदा वर आली आणि गप उभी राहिली.

"आता?" अप्पांनी विचारलं.

"आता उद्या गावाला जाऊन या," मिस्त्री म्हणाला. "नेहमीसारखंच. कॅन, काकू, घागर, सगळं. येताना इथं थांबा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजल्यापासून मिस्त्री रस्त्याकडं बघत होता. साहेबांना निरोप दिलेला, ते त्यांची गाडी घेऊन आले. नेमका मेहुणाही मुखेडहून आला आणि टँकर रस्त्याकडेला लावून बाकावर बसला. म्हणाला, "आज जवाब घेऊनच जातो." मिस्त्रीनं प्यायच्या पाण्याचा तांब्या भरून स्टुलावर ठेवला होता, दिवसभराचं तेवढंच पाणी. त्याला त्यातला एक घोट घ्यायचीसुद्धा शुद्ध नव्हती.

साडेदहाला पांढरी गाडी वळणावर दिसली. जिल्ह्यासाठी खणलेला सगळ्यात मोठा खड्डा आमच्या दारातच होता. गाडी त्यात उतरली, चढली आणि येऊन थांबली.

अप्पा उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं. काकू सावकाश खाली उतरल्या, घागर कमरेवर. वाटी होती तिथंच पालथी. मिस्त्री दोन पावलं पुढं झाला.

"काकू... गाडी कशी वाटली?"

काकूंनी एका हातानं पदर चाचपला. वरून खालून चाचपला. मग वाटी उचलून घागरीत डोकावल्या, पाणी काठोकाठ, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"हमीदभाऊ, काय करून ठेवलात हो हे! आज माझ्या बेलाला काय घालू?"

साहेबांनी खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि बाकावर, मेहुण्याच्या शेजारी ठेवली.

मिस्त्रीनं किल्लीकडं बघितलंच नाही. त्यानं स्टुलावरचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलला.

"चला काकू," तो म्हणाला. "कुठंय तुमचा बेल?"