होमचं सख्खं यमक

इंग्रजी भाषेत यमकांची टंचाई आहे, हे खुद्द इंग्रजांच्या कधी लक्षात आलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी मात्र ती नळाच्या पाण्याची टंचाई असावी तशी मनाला लावून घेतली होती. मनमाडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात उभा जन्म काढून ते नाशकात स्थायिक झाले, आणि इतर निवृत्त माणसं बागकाम किंवा अध्यात्म धरतात तसं त्यांनी इंग्रजी मंगलाष्टकं रचणं धरलं. नव्वदच्या दशकात आमच्या भागातली मुलं कॉम्प्युटर शिकून भराभर अमेरिकेला जात होती आणि सुटीत येऊन, लग्न करून परत जात होती. अशा लग्नात एक तरी मंगलाष्टक इंग्रजीत असावं, असं मुलांच्या वडिलांना वाटू लागलं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मराठीच माणसं उभी असत, पण हा मुद्दा कोणी काढला नाही.

रचना नेहमीच्या चालीतच असे. त्या चालीत इंग्रजी शब्द बसवायला काका ते ताणत. त्यांनी 'हॅपीनेस' म्हणायला घेतलं की भटजी तेवढ्यात पाणी पिऊन घेत. खरं अडायचं ते यमकाशी. ते शोधायची काकांची पद्धत अशी, की शब्दाचं पहिलं अक्षर काढून टाकायचं आणि तिथे एपासून झेडपर्यंत एकेक अक्षर लावून बघायचं. हे काम ते सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालता चालता करत. 'ब्राइड, क्राइड, डाइड, फ्राइड' असं पुटपुटत डोळे अर्धे मिटून चाललेला हा गृहस्थ जप करतो आहे, असं ट्रॅकवरच्या बायकांना वाटे. त्यांतल्या एकीने काकूंना विचारलंसुद्धा, "तुमच्या यांचे गुरू कुठले हो?" काकू म्हणाल्या, "लंडनचे."

या शोधातून काकांचं असं मत झालं होतं, की इंग्रजांनी लग्नाचे शब्द केले आणि त्यांची यमकं स्मशानात ठेवून दिली. ब्राइड म्हटलं की डाइड येतं, ग्रूमला डूम आणि थडग्याचं टूम, वाइफला नाइफ. डॉटरला तर स्लॉटर. "काय माणसं असतील ही," ते मला म्हणाले होते, "आणि दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं." मी त्यांना बिचकत सुचवलं, की अगदी तंतोतंत जुळणारं यमक नसलं, जवळपासचं असलं, तरी काय बिघडलं? काकांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. यमकं तीन प्रकारची. नाइट आणि लाइट हे सख्खं. टाइम आणि लाइन हे चुलत. लव्ह आणि लाइफ हे मानलेलं. "शुभकार्यात अंतरपाटाशी सख्खंच उभं राहणार," ते म्हणाले.

या नियमाला त्यांनी कधी मुरड घातली नाही. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी मुलाच्या लग्नासाठी त्यांच्याकडे आले होते. रचना ऐकून खूश झाले. म्हणाले, "लय भारी झालंय काका. पण आमचा कांदा कुठंय यात? ज्याच्यावर बंगला उभा राहिला, त्याचं नाव नको?" काकांनी विचार करून सांगितलं, की ओनियनला जवळचा शब्द युनियन, अर्थही छान, पण ते चुलत होतं.

"असू द्या की चुलत. लग्नात चुलतेच जास्त राबतेत."

"पंगतीत राबू देत," काका म्हणाले. ते लग्न कांद्याविना लागलं.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी काकांच्या एकुलत्या एका मुलीचं ठरलं. मुलगा अमेरिकेत, मुलगीही लग्नानंतर महिन्याभरात जाणार. तिने वडिलांकडे दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. "बाबा, सगळ्या गावाला लिहून दिलंत. मला एक तुमचं पाहिजे, आणि म्हणायचंही तुम्हीच." काकांनी तीन ओळी दोन दिवसांत केल्या. तिसरी ओळ 'होम' या शब्दावर संपत होती, आणि चौथी होईना. होमची सख्खी यमकं निघाली रोम, डोम, फोम, क्रोम आणि कंगव्याचं कोम. काकांची ट्रॅकवरची चक्कर वाढली, जेवण कमी झालं.

मुलगी म्हणाली, "रोम घालून टाका ना."

"तुमचं विमान रोमला थांबतं का?"

"नाही, फ्रँकफर्टला."

"मग खोटं कशाला लिहू?"

काकू म्हणाल्या, "लोकांच्या पोरींना चारचार ओळी दिल्या. स्वतःच्या पोरीला तीनवर बोळवणार आहात का?" मी 'होम' काढून तिथे दुसरा शब्द घालायला सुचवलं. काका म्हणाले, "दुसरा कुठला?"

लग्नाच्या दिवशी कार्यालय भरलेलं होतं. मामाने मुलीला आणून पाटावर उभं केलं, अंतरपाट धरला गेला, इतरांची मंगलाष्टकं झाली आणि माइक काकांच्या हातात आला. तीन ओळी त्यांनी नेहमीच्या थाटात म्हटल्या. 'होम' लांबवला, आणखी लांबवला, मग थांबले. सगळं कार्यालय शांत झालं. त्या शांततेचा बाहेरच्या बँडवाल्यांनी एकच अर्थ काढला. ताशा कडाडला, सनई सुरू झाली आणि पाहुण्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता उधळल्या. मागच्या रांगांतले लोक जेवायच्या हॉलकडे निघालेसुद्धा. भटजी दोन्ही हात वर करून म्हणत होते, "थांबा हो, मुहूर्त व्हायचाय अजून." बँड थांबला. लोक एकमेकांच्या केसांतून अक्षता वेचू लागले. काका तिथेच उभे होते. अंतरपाट जरासा खाली आला होता, आणि मुलगी त्यावरून नवऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती. भटजी हळूच म्हणाले, "काका, म्हणा आता, नाहीतर मी सुरू करतो."

काकांनी तिसरी ओळ परत घेतली आणि चौथी म्हटली:

'व्हेअरएव्हर शी मे मेक हर होम,
प्लीज लेट हर कॉल अस ऑन द फोन.'

त्यापुढचं 'शुभमंगल सावधान' त्यांना नीट म्हणता आलं नाही. ते भटजींनी म्हटलं.

पाठवणी झाल्यावर कार्यालयाच्या पायऱ्यांवर ते एकटे बसलेले दिसले. मी शेजारी बसलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून नको ते बोललो. "काका, होम आणि फोन..."

"चुलत आहे. माहिती आहे मला." बाहीवरची अक्षता झटकत म्हणाले, "त्या डोमकडे आणि रोमकडे मी काय मागणार होतो?"

आता दर रविवारी सकाळी वर फोन वाजतो. जिन्यात उभं राहिलं तरी ऐकू येतो. काका धावत जाऊन उचलतात, तिकडे थंडी किती आहे ते विचारतात, आणि त्यापुढे काही सुचत नाही म्हणून काकूंच्या हातात देतात. मग काकूंचं बोलून होईपर्यंत तिथेच, रिसिव्हरला कान लागेल इतक्या जवळ, उभे राहतात.