गहू गेले, शेंगोळे राहिले

ते मानमोडीच्या तापाचं साल. नाताळ दोन दिवसांवर आला होता आणि माझा देवाशी अबोला होता. आमच्या मास्तरांशीही होता. मास्तर म्हणजे माझे मालक. धारूरच्या घाटाखाली, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत ते पोरांना शिकवायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. वस्तीतली आठ घरं ख्रिस्ती झालेली. दरसाल नाताळचं जेवण आमच्या अंगणात व्हायचं आणि रांधायची मी.

त्या वर्षी पावसानं दगा दिला, आणि उरलंसुरलं पीक काढायला तापानं माणसं उभी ठेवली नाहीत. आमच्या आठांतल्या चार घरांत माती झाली होती. म्हणूनच माझी जिद्द, की या बायापोरांच्या तोंडात सणाला एक गोड घास पडलाच पाहिजे. दोन पायल्या गहू मी गाडग्यात लिंबाचा पाला घालून जपले होते. करंज्या होणार म्हणून मोठ्या तोंडानं वस्तीभर सांगूनही बसले होते. दळायला म्हणून गाडगं काढलं, तर तळाशी नुसता पाला.

मास्तरांना विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसत शांतपणे सांगितलं, की आठ दिवसांपूर्वीच गहू मळ्यातल्या बाईंकडे पोचवले. त्यांच्या घरची दोन माणसं गेली, बाई स्वतः तापात पडलेल्या, कणगी रिकामी, धाकटी लेक तेवढी दळायला उभी. शिजलेलं अन्न त्यांना आपल्या घरचं चालत नाही, म्हणून कोरडा शिधा दिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही बाई कोण? उन्हाळ्यात विहिरीवर माझा पदर तिच्या दोराला लागला, म्हणून जिनं माझी भरली घागर पायानं पालथी केली, ती. मला बाटगी म्हणाली, ती. आमच्या हातची भाकरी विटाळाची, आमच्या हातचं पाणी विटाळाचं, अन् आमचे गहू मात्र सोवळे! मी मास्तरांना नाही नाही ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "तुला इचारलं असतं तर तू दिले नसते." खरंच होतं ते, म्हणून तर जास्तच झोंबलं. जेवताना त्यांनी आभाराची प्रार्थना केली, तेव्हा मी आमेन म्हटलं नाही. मनात देवाला म्हटलं, तुझ्या लेकराच्या जन्माचा सण, आणि तूच माझी अब्रू घालवायला निघालास.

नाताळच्या दिवशी उजाडल्यावर घरात जे होतं ते पुढ्यात मांडलं. हुलग्याचं पीठ, थोडी ज्वारी, लसणाच्या दोन माळा, लाल मिरच्या आणि पोरांच्या मलिद्यापुरता गुळाचा खडा. हुलग्याचे शेंगोळे करायचे ठरवले. सणावाराला कुणी शेंगोळे करतं का? थंडी-पडशाचं, गरिबाचं खाणं ते. पण दुसरं होतं काय? वरवंट्याखाली मिरच्या नव्हत्या, ती बाई होती. लसूण ठेचला, तो मास्तरांच्या नावानं. रागाच्या भरात मिरच्या दुप्पट पडल्या. मळलेलं पीठ बोटाएवढं वळून उकळत्या पाण्यात सोडत गेले आणि पुटपुटत राहिले. ठसक्यानं अख्खी वस्ती खोकायला लागली.

उपासना झाली, अंगणात पंगत बसली. करंज्या दिसल्या नाहीत तसे बायांचे चेहरे मी पाहिले. कुणी एका शब्दानं बोललं नाही, तेच मला टोचलं. पोरांना गूळ-भाकरीचा मलिदा दिला, मोठ्यांना शेंगोळे वाढले. पहिल्याच घासाला सगळ्यांची नाकं वाहायला लागली. मी मान खाली घालून वाढत होते, आणि एकाएकी सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या.

बांबूच्या फाटकाशी मळ्यातल्या बाई उभ्या होत्या. लेकीच्या खांद्यावर हात टेकलेला, गालांची हाडं वर आलेली. आमच्यातली दोन म्हातारी माणसं सवयीनं ताटावरून उठायला लागली. माझ्या हातातला पळा तसाच राहिला. वाटलं, ठसक्याचं भांडण घेऊन आली असेल. बाई आत आल्या आणि पंगतीच्या शेवटी, धुळीतच, लेकीला घेऊन बसल्या.

"शेंगोळ्याचा वास मळ्यापत्तुर आला," त्या म्हणाल्या. "ताप उतरला, पर तोंडाला चव म्हून न्हाई. काई गिळवंना." मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, गहू कच्चे घेतलेते तुमचे. आज शिजलेलं वाढा."

वाढायला माझा हात उठेना. घागर आठवत होती. मास्तरांकडे पाहिलं, तर ते दुसरीकडेच बघत होते. हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मग मी वाटी भरली. त्यांनी खाल्लं. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी खात राहिल्या, आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. तिखटानं म्हणा नाहीतर कशानं म्हणा, डोळे माझेही वाहत होते. मास्तर उठून आभाराची प्रार्थना म्हणाले. शेवटचा आमेन माझ्या तोंडून सगळ्यांत आधी गेला.

लगेच सगळं जग बदललं असं मी सांगणार नाही. विहिरीवर आम्ही पुढेही लांबच उभे राहिलो, आणि त्याचा राग मला आजही आहे. पण त्या बाई असल्या की सगळ्यांआधी माझी घागर भरून द्यायच्या, आणि कुणी बोललंच तर त्यालाही ऐकवायच्या.

करंज्या झाल्या असत्या, तर तापानं मेलेल्या त्या जिभेला त्यांची चवही लागली नसती. मिरच्या बेतानं पडल्या असत्या, तर ठसका मळ्यापर्यंत गेला नसता. हे कुणी केलं ते मी सांगत बसत नाही. लोक म्हणतात, सगळं देवाच्या हाती सोपवावं. मी काहीच सोपवलं नव्हतं. मूठ घट्ट धरली होती, आणि देवानं ती मास्तरांच्या हातून उघडली. माझ्यासारखीचं असंच करावं लागतं.

आता गहू असतात, करंज्या होतात. पण नाताळला पहिली वाटी शेंगोळ्यांचीच. मिरच्या अजून दुप्पटच पडतात. मास्तर डोळे पुसत खातात, आणि मी मोठ्यानं आमेन म्हणते.