अठरा वर्षं न झोपलेलं बाळ

“बाळाचं डोकं उघडावं लागेल,” असं मी म्हणाले आणि कौसल्याबाईंनी बाहुली माझ्या हातातून काढून पोटाशी धरली.

“डोस्कं उघडता? लक्षुमीच्या लेकराचं?”

नांदूरघाटच्या त्या घरात आम्ही चौघं बसलो होतो. कौसल्याबाई, त्यांचे यजमान गुरुजी, सून वंदना आणि मी. मी नोकरीभर वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेटर होते. म्हणजे जुनी वस्तू ओळखायची, तिचं वय काढायचं आणि ती आणखी मोडू द्यायची नाही. रिटायर होऊन बीडला आले तरी लोक मला शोधून काढतात. वंदना केजला एका दवाखान्यात नर्स आहे. तिने मोबाइलवर या बाहुलीचा फोटो दाखवला. नऊवारी, नथ, कपाळभर कुंकू आणि डोळे निळे. मी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आमच्या भागात त्यांच्यापुढे त्यांची लेकरंही मांडतात. या घरात लेकरू म्हणून ही बाहुली बसते. ती कौसल्याबाईंच्या आजेसासूला हैदराबादच्या कुठल्याशा बेगमेने दिली आणि ती तीनशे वर्षांची आहे, असं घरात सांगतात.

वय काढायला बोलावलं हे निमित्त होतं, ते मला तिथे गेल्यावर कळलं. बाळाला आडवं केलं की ते डोळे मिटायचं. वंदना लग्न होऊन आली, तिच्या पहिल्या महालक्ष्म्या उठल्या आणि सासूने बाळ पुसून निजवायला तिच्या हातात दिलं. तिने ओल्या फडक्याने पुसलं, आडवं केलं. डोळे उघडेच. तेव्हापासून बाळाला हात लावायची तिला बंदी. याला अठरा वर्षं झाली.

“सणाला सगळ्या नणंदा बाळ मांडीवर घेतात. मी आपली पुरण वाटते,” तिने मला दारातच सांगितलं होतं. “वय किती का असेना, मॅडम. माझ्या हातानं मोडलं का, तेवढं बघा.”

मी आधी वयाला हात घातला. गाल बोटाने तपासला. गार लागला, म्हणजे सेल्युलॉइडचं जुनं प्लॅस्टिक नव्हे. चकाकी नव्हती, म्हणजे बिस्क. चिनी मातीची वस्तू भाजतात पण वरून काचेसारखा लेप देत नाहीत, त्याला बिस्क म्हणतात. ती माणसाच्या कातडीसारखी दिसते. मग मानेवरचे केस जरा उचलले. तिथे मातीत कोरलेला साच्याचा नंबर आणि खाली इंग्रजीत ‘जर्मनी’. मालावर देशाचं नाव हवं, असा अमेरिकेचा कायदा १८९१ मध्ये लागू झाला. त्यानंतर जर्मन कारखाने ते सर्रास कोरू लागले. नंबरावरून साचा १९०० च्या सुमाराचा.

“तीनशे न्हाई?” कौसल्याबाईंचा चेहरा उतरला.

“नाही. आता पाय दाखवा.”

नऊवारीचा काष्टा सोडवला. हातपाय लाकडाचा भुसा आणि सरस कालवून केलेले, आतून इलॅस्टिकने ओवलेले. गुडघ्याचा सांधा खाली, जिथे असतो तिथेच. पुढे आखूड फ्रॉकची फॅशन आली तेव्हा गुडघे दिसू नयेत म्हणून तो सांधा मांडीवर सरकवला गेला. मधे पहिलं महायुद्ध झालं आणि जर्मन खेळणी यायची थांबली.

“म्हणजे १९०० ते १९१४ च्या दरम्यानची,” मी म्हणाले.

“मग बेगम?”

“निजामाचं राज्य तेव्हाही होतंच की. कुणी दिली, ते बाहुली सांगत नाही.”

“मंजी बेगम ऱ्हाती.”

“राहते.”

त्या खूश झाल्या आणि मला चहा आला. त्या चहाच्या भरात मी चूक केली. बाहुली आडवी केली, डोळे हलले नाहीत, आणि मी बोलून गेले, “डोळ्यांमागची तार गंजलेली असणार. पाणी गेलं असेल.”

“मी काय म्हनत हुते?” कौसल्याबाई ताठ बसल्या.

वंदना रिकामे कप गोळा करू लागली. मला माझ्याच जिभेचा राग आला. आयुष्यभर ज्युनिअर लोकांना मी याच कारणासाठी ओरडत आले, न उघडता निदान करू नका म्हणून. तेव्हाच मी डोकं उघडायचं म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या, मॅडम,” गुरुजी पहिल्यांदाच बोलले. ते रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. इतका वेळ कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत होते. “सणाच्या तोंडावर नसती उठाठेव.”

“कावून ऱ्हाऊ द्या?” कौसल्याबाई नवऱ्यावरच घसरल्या. “आवतन दिल्याबिगर लक्षुमी येत न्हाई. आज ही निस्ती बाहुली हाय. काढा हो तुमी. काय ते दिसू द्या समद्यास्नी.”

अशा बाहुलीचं डोकं वरून उघडं असतं. त्या भोकातून कारखान्यात डोळे बसवतात, वर पुठ्ठ्याची टोपी आणि त्यावर केसांचा टोप. डोळ्यांच्या मागे तारेला शिशाचं वजन असतं. बाहुली आडवी केली की ते वजन झुकतं आणि डोळे फिरून मिटतात. यात जादू काही नाही, पण पोरांना आणि मला ती अजूनही वाटते.

टोप खळीने चिकटवला होता. कापसाच्या ओल्या बोळ्याने खळ भिजवत तो सोडवायला पाऊण तास गेला. खाली पुठ्ठ्याची टोपी नव्हतीच. कवटीत कागद ठासून भरला होता, वजनाच्या अगदी मानगुटीवर. मी चिमट्याने तो हळूहळू ओढून काढला आणि मांडीवर उलगडला. वर्तमानपत्राचं पान होतं. वर तारीख, खाली शब्दकोडं, आणि ते तांबड्या शाईने सोडवलेलं.

वंदनाने तारीख वाचली. मग पुन्हा वाचून सासूला म्हणाली, “आत्या, हे माझ्या लग्नाच्या तीन आठवडे आधीचं हाय.”

अडकित्ता थांबला.

कौसल्याबाईंनी पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “अक्षर तर तुमचं हाय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“टोप बसत नव्हता,” गुरुजी म्हणाले. “लग्नाला पावणे यायचे होते. पुठ्ठा उंदरानं खाल्ला होता. म्हणलं, कागद घालून चिकटवावा.”

“आन् अठरा वर्सं तोंड शिवलं हुतं?”

“सांगणारच होतो. पण तवर तू तिला बोलून बसली होतीस. मग उद्या सांगू म्हणलं.”

“उद्या?”

“उद्या म्हणता म्हणता ऱ्हाऊन गेलं.”

शाळेत हजारभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस सुपारीच्या खांडाकडे बघत बसला. मला हसू आवरेना. वंदना मात्र हसत नव्हती. तिने पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणी रडली. सासूबाईंनी ते पान नवऱ्यापुढे टाकलं.

मी वजनावरची धूळ ब्रशने झटकली. तारेवर गंज कुठेच नव्हता. पुठ्ठ्याची नवी टोपी कापून बसवली, टोप चढवला आणि बाहुली कौसल्याबाईंपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

“तिच्याकडं द्या,” त्या म्हणाल्या. “वंदे, निजव गं त्याला. लई जागलंय.”

वंदनाने हात दोनदा पदराला पुसले. बाळ मांडीवर घेतलं, आडवं केलं. एक बारीक टक आवाज झाला आणि निळे डोळे मिटले.

त्यावर ती सासऱ्यांकडे बघत सासूला म्हणाली, “औंदा पुरण मामा वाटतील.”

“सोळा भाज्या बी तेच निवडतील,” कौसल्याबाई म्हणाल्या.

मला रिपोर्ट लेखी द्यायची सवय आहे. घरी येऊन लिहिला: बाहुली जर्मन, बिस्कचं डोकं, अंदाजे १९०० ते १९१४. बिघाड स्थानिक, आत ठासलेल्या कागदामुळे. ओल्या फडक्याचा संबंध नाही. वंदनाचा फोन आला की तो रिपोर्ट फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

त्या रिपोर्टात माझं ते चहाच्या वेळचं निदान मी लिहिलेलं नाही. वस्तू बिघडली की सगळ्यात शेवटी जिने हात लावला, तिचं नाव आधी तोंडात येतं. कौसल्याबाईंना तरी या कामाचं शिक्षण नव्हतं. मला होतं.