मावशींच्या ड्रमाखालचं पॅलेट

दुष्काळात गारखेड्यात बसून शॉवर विकणारा माणूस मूर्ख तरी असतो, नाही तर उद्योजक तरी. मी दोन्ही होतो. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येई, मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत असे आणि धो धो बरसणारे शॉवर इंटरनेटवरून देशभर विकत असे. आमचं शहर मात्र जोमात वाढत होतं. कोरड्या विहिरी बुजवून इमारती उठत होत्या आणि त्यांच्या एकेका फ्लॅटला तीन-तीन बाथरूम होती.

ज्या वेबसाइटवर मी माल विकत असे, तिचा एक दिवस हुकूम आला. माल आता एका गोदामात नको; भिवंडी, हैदराबाद आणि गुरुग्राम अशा तिन्हीकडे वाटून पाठवा, तोही लाकडी पॅलेटवर रचून. सुटी खोकी घेणार नाही. एक पॅलेट चुकलं तरी अख्खी खेप चुकली. जुन्या नियमांतही माझ्या दोन खेपा आधीच चुकल्या होत्या आणि तिसरीला दुकान कायमचं बंद होणार होतं. मेलच्या शेवटी 'आम्हाला तुमची काळजी आहे' असंही लिहिलं होतं.

पॅलेट म्हणजे फळ्यांचा बुटका चौरंग. मी तीन आणून अंगणात ठेवली आणि गल्लीला शोध लागला, की यावर ड्रम ठेवला की तोटीखाली घागर बरोब्बर बसते. "तुझी गाडी येईस्तोवर राहू दे की रे," शेजारच्या मावशी म्हणाल्या. दानशूर म्हणवून घ्यायची मला भारी हौस. तिन्ही वाटून टाकली. गाडीच्या आधी नळाला पाणी येईल, हे डोक्यातच आलं नाही, कारण ते कधीच वेळेवर येत नसे. त्या आठवड्यात ते एक दिवस आधी आलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आणि तिन्ही पॅलेटांवर काठोकाठ भरलेले ड्रम. दोन ड्रम गल्लीतल्या आम्ही चौघांनी उचलून विटांवर ठेवले. तिसरा मावशींचा. उन्हानं तडकलेला, डांबराचं ठिगळ लावलेला. भरलेला उचलला असता तर फुटलाच असता. पाणी काढून घ्यावं, तर गल्लीतलं प्रत्येक भांडं, अगदी कुकरसुद्धा, आदल्या दिवशीच भरलेलं. नवं पॅलेट करून द्यायला पडेगावचा सुतार दोन दिवस मागत होता.

मी घड्याळ पाहिलं आणि ड्रम कलंडवायला हात लावला. मावशी नुसत्या पदर धरून उभ्या राहिल्या.

गाडीवाला वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरचा. त्यानं माझं मनगट धरलं. "नाय सायेब. पाणी वतायचं नाय. लई तर काय हुईल, दुकान जाईल."

"तुझं काय जातंय?" मी ओरडलो.

"माझं भाडं जातंय की," तो म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

संध्याकाळी दुकान बंद झाल्याचा मेल आला, काळजीसकट. मला त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू? पण आठ दिवसांनी नळाला पाणी आलं, तेव्हा मावशींनी भरलेली पहिली घागर आमच्या दारात आणून ठेवली. माझी मान वर झाली नाही.