कॅरमवरची वाटी

आमच्यात प्लँचेट आणलं ते माझ्या मैत्रिणीच्या मावसभावानं. तो पुण्याला कॉलेजात होता. सुटीत कोल्हापूरला मावशीकडे यायचा आणि येताना तिकडचं काही ना काही खूळ बरोबर आणायचा. आदल्या वर्षी त्यानं भिंतीवर काळा ठिपका काढून आम्हाला त्याकडे टक लावून बसायला लावलं होतं. तसं केल्यानं म्हणे नजरेत जरब येते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी बसलो. जरब काही आली नाही. त्या वर्षी त्यानं मृतात्मे आणले.

लढाई संपून चार वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची, इंटरला होते. मैत्रिणीचं घर मंगळवार पेठेत, आमच्या मागच्याच गल्लीत. घरात ती, तिची आई आणि वहिनी. वडील आधीच गेलेले. थोरला भाऊ लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला तो परत आलाच नाही. पलटणीतून कागद आला होता : बेपत्ता, मृत समजावे. तिच्या आईला मी काकी म्हणायची. काकी तो कागद कुणी वाचून दाखवला की म्हणायच्या, "समजावे म्हंजे? त्यास्नीच धड ठावं न्हाय की." वहिनीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. नवऱ्याबरोबर तिचा संसार झाला तो त्याच्या एका रजेपुरता. आता ती तेवीस वर्षांची होती.

रविवारी दुपारी आम्ही कॅरम खाली घेतला. मावसभावानं त्यावर खडूनं गोलाकार मुळाक्षरं लिहिली. काना-मात्रांना जागा नव्हती, त्या आपण लावून घ्यायच्या. बोर्डावर पावडर टाकली, मधोमध देवघरातली लहान पितळी वाटी पालथी घातली आणि आम्ही तिघांनी तिच्यावर एकेक बोट टेकवलं. मैत्रिणीच्या पणजोबांना बोलावलं. वाटी खरंच हलली. पणजोबांनी मला पास केलं, मावसभावाला नापास केलं. आम्ही हसून हसून लोटपोट झालो.

हसणं ऐकून काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत कॅरमपाशी आल्या. मग म्हणाल्या, "ह्यास्नी माझ्या ल्योकाचं इचारा."

आमचं हसणं थांबलं. मावसभाऊ चाचरत म्हणाला, "मावशी, हा आपला खेळ आहे."

"खेळ कसा? माझ्या आजेसासऱ्यास्नी बलवलंयसा न्हवं? मग खेळ म्हनू नगंस. इचार, त्यो येतो का न्हाय."

आणि दाराशी उभ्या असलेल्या वहिनीकडे वळून म्हणाल्या, "तूबी बस. नवरा तुझा हाय."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तीनच दिवसांपूर्वी वहिनीचे वडील शाहूवाडीकडच्या आपल्या गावाहून येऊन गेले होते. त्यांची भाताची शेती होती. ओसरीवर बसून, टोपी हातात घेऊन ते काकींना म्हणाले होते, "ईनबाई, पोरगीला न्हेतो. आमच्यात पाट लागतो, दुसरं लगीन चालतंय. एक जागा बघिटल्या. मानूस चांगला हाय." काकींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. येत्या आठवड्यात सांगते, एवढंच म्हणाल्या. वहिनीला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

वहिनी माझ्यासमोर बसली. भांडी घासून खरखरीत झालेलं तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. मावसभावानं विचारलं, "पणजोबा, दादा घरी येणार आहे का?"

बराच वेळ वाटी जागची हलली नाही. मग ती सरकली. 'य' वर गेली. तिथून 'त' वर. काकींचा श्वास मला ऐकू येत होता. आता वाटी 'त' वरून निघाली आणि हळूहळू, पण अगदी सरळ, 'न' कडे जाऊ लागली. येत नाही. पुढचं सगळं मला दिसलं. मी मान वर केली. काकी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून वाटीकडे बघत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी बोट दाबलं. वाटी दोन अक्षरांच्या मध्येच थांबली. तिच्यात जोर होता, अजून पुढं जायची तिची ओढ मला जाणवत होती. मी आणखी दाबलं. ती थांबलीच.

"येतो!" काकी म्हणाल्या. "येतो म्हनत्यात!" आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या.

वहिनीनं बोट काढून घेतलं आणि ती उठून आत गेली.

आठवड्यानं तिचे वडील पुन्हा आले. काकींनी त्यांना सगळं सांगितलं, भिंतीला टेकवून ठेवलेला कॅरमही दाखवला. म्हातारा मला वाटत होतं चिडेल, वाद घालेल. त्यानं कॅरमला हात जोडले. "मोठ्यांनी सांगितलंय म्हंजे मग काय बोलायचं," म्हणाला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेला. मी मैत्रिणीबरोबर जिन्यात उभी होते. मला ओरडायचं होतं.

दोन रात्री झोप लागली नाही, तेव्हा मी काकींकडे गेले. म्हटलं, "काकी, वाटी मी अडवली. ती 'न' कडे चालली होती. खोटं आहे सगळं."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही की त्या रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तू आडवलीस, बरं. पर आडवायची बुद्धी तुला दिली कुनी?"

मी म्हटलं, पुन्हा एकदा विचारून बघू. "एकदा सांगिटलं की फिरून इचारायचं नसतंय," त्या म्हणाल्या. मावसभाऊ पुण्याला निघून गेला होता. मैत्रिणीला मी खरं काय ते सांगितलं, तर ती म्हणाली, "आता गप बस. आई किती दिवसांनी पोटभर जेवायला लागल्या."

राहिली वहिनी. ती रंकाळ्यावर धुणं घेऊन गेली होती, तिथं मी तिला गाठलं. एका दमात सगळं सांगून टाकलं. ती लुगडं आपटत होती. आपटायची थांबली नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमचं नख पांढरं पडल्यालं बघिटलं की मी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस, वहिनी?"

तिनं लुगडं पिळलं, पायरीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"काय बोलू? ती 'न' कडं मीच न्हेत हुतो."

मी खाली बसले. पायरी ओली होती, तेही मला कळलं नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तोंडानं सांगायची सोय नव्हती. एका बोटानं सांगता येईल असं तिला वाटलं होतं, आणि समोरून मी दाबून धरलं होतं. कणव आली म्हणून.

"आता सांगू या ना," मी म्हटलं. "दोघी मिळून सांगू."

"काय सांगायचं? सासू ल्योकाची वाट बघत्या आन् सुनंनं त्याला मारला?" तिनं पुढचं कापड उचललं. "तुमी जावा घरला. कालिजाची येळ झाली न्हवं?"

मी गेले. दुसरं काय करणार होते?

दोन वर्षांनी माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले. माहेरी आले की त्या घरी जायची. काकी हटकून म्हणायच्या, "आला न्हाय अजून. लांबचा मुलूख, येळ लागतोय." वहिनी चहा आणून ठेवायची. वडिलांनी बघितलेल्या त्या माणसानं दुसरीशी पाट लावला होता, त्याला दोन मुलं झाली होती. वडीलही वारले. काकी आणखी चार-पाच वर्षं जगल्या. शेवटपर्यंत त्यांनी मुलाचं ताट मांडायचं सोडलं नाही. ताट वहिनी वाढायची आणि तीच उचलायची.

काकी गेल्यावर भेटायला म्हणून मी आले, तर वहिनीचा भाऊ तिला न्यायला आलेला. मैत्रीण तेव्हा सासरी होती, घर विकायचं ठरलं होतं. मी एस.टी. स्टँडपर्यंत गेले. भाऊ गाठोडी टपावर चढवत होता. वहिनी खिडकीपाशी बसली होती. तिशीतच तिच्या कानशिलावरचे केस पिकले होते.

किती तरी वर्षं मनात घोळवलेलं सगळं मला तिथं बोलायचं होतं. प्रत्यक्षात मी एवढंच म्हटलं, "तिकडं बरं वाटेल ना, वहिनी?"

"भाऊजयीला तिसरं झालंय. भात लावायला मानूस पायजे त्यास्नी," ती म्हणाली. आणि मग माझ्या कडेवरच्या मुलीला पाहून, "हिला टोपडं घाला की. वारं लागतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पदर मुलीच्या डोक्यावरून घेतला आणि बाजूला झाले.