चूक भालेरावांची

भालेरावांचा फोन आला की नमस्कार वगैरे नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, माउसवरचा हात काढा, मग बोलू." मी शनिवार पेठेतल्या ऑफिसात, ते शहराबाहेर माळावरच्या रेडिओ ट्रान्समीटरवर. रिमोट कंट्रोल आल्यापासून ट्रान्समीटरची पॉवर मी बसल्या जागी कमी-जास्त करायचो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भलताच माज होता.

त्याआधी तीस वर्षं ती पॉवर भालेरावांनी स्वतःच्या हातांनी सांभाळली होती. नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "आज दमलंय जरा," आणि मीटर पाहावा तर खरंच काटा खाली. रिमोट बसवला त्या दिवशी मी त्यांना तासभर ज्ञान पाजळलं. सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "छान आहे. फक्त तुमच्या पडद्यावर मी दिसत नाही, तेवढं लक्षात असू द्या."

टॉवरकडे जाण्याआधी पॅनेलवरची किल्ली 'लोकल'वर फिरवायची आणि खिशात घालायची, हा तिथला नियम. मग ऑफिसातून कुणी काहीही दाबलं तरी पॉवर चढत नाही. पण किल्ली फिरली की माझ्या पडद्यावर लाल अलार्म यायचा, वरपर्यंत नोंद जायची आणि उत्तरं मला द्यावी लागायची. एकदा वैतागून म्हणालो, "अहो भालेराव, सारखी काय ती किल्ली फिरवता? फोन करा, मी पॉवर बंद ठेवतो. माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे हो. पण माणूस विसरतो." तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी ऐकलं.

त्या दिवशी त्यांचा फोन आला, "टॉवरखालच्या खोलीत कॉइल बघायला जातोय. मी सांगेपर्यंत पॉवर चढवू नका." मी हो हो म्हणून पॉवर बंद केली. अर्ध्या तासाने आमचे वरिष्ठ दोन पाहुण्यांना घेऊन आले. "दाखवा हो यांना, इथून कसं चालतं ते." मी ऐटीत क्लिक केलं. आकडा चढला, पाहुणे वा वा म्हणाले, आणि मग मला भालेराव आठवले.

जीव वाचला. उजवा तळवा भाजला, दोन बोटं कायमची वाकडी झाली.

त्या फोनची नोंद कुठेच नव्हती. चौकशीत विचारलं गेलं, "किल्ली लोकलवर का नव्हती?" भालेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी समोरच्या फायलीच्या नाडीची गाठ सोडवत बसलो. शेवटी तेच म्हणाले, "राहून गेलं. चूक माझी." निवृत्तीला चार महिने उरलेले असताना त्यांच्या नावावर ठपका बसला. अजूनही हे आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

दोन वर्षांनी कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो. सगळं बोलून टाकलं, रडलोही. त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे सरकवला.

"मला कशाला सांगता? मला माहीतच आहे की. चौकशीत सांगायचं होतं."

"आता सांगू का?"

"ते तुमचं तुम्ही बघा. चहा घ्या, गार होतोय."

बघतो, बघतो म्हणत राहिलो. गेल्या वर्षी भालेराव गेले. नव्या भरतीच्या लोकांना सुरक्षेचे धडे आता मीच देतो. पुस्तिकेत त्या अपघाताचं कारण छापलंय, 'कर्मचाऱ्याने किल्ली लोकलवर फिरवली नाही.' सगळे ते वहीत उतरवून घेतात. त्यांचं लिहून होईपर्यंत मी थांबतो आणि पुढचं पान काढायला सांगतो.